अमेरिकेंतील हरवलेला पदपथ

आपल्या शहरांतील पुष्कळ कुटुंबांतून आज एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत स्थायिक झालेली आढळते, आणि त्यांच्याकडे सहा महिने राहून आलेलीं वडील माणसें तेथील हकीकत मोठ्या कौतुकानें सांगतात. घर ऐसपैस, हवा स्वच्छ, रस्ता आरशासारखा. पण या कौतुकाच्या शेवटीं एक तक्रार बहुधा ठरलेली असते. ती अशी कीं, सकाळीं पायीं फिरावयास निघावें तर पदपथ कांहीं पावलांवर एकाएकीं संपतो. पुढें गवत, आणि गवतापलीकडे भरधाव मोटारी. दुकान डोळ्यांना दिसतें, पण तेथें चालत जातां येत नाहीं. दूध आणावयाचें तर मुलाची मोटार मोकळी होईपर्यंत थांबावें लागतें. ज्यांनीं जन्मभर पायीं चालून संसार केला, त्यांना तेथें आपण परावलंबी झालों असें वाटूं लागतें.

याचें कारण विचारलें तर उत्तर मिळतें कीं, तो श्रीमंत देश. घरटीं दोन मोटारी. तेथें चालणार कोण, आणि पदपथ बांधावयाचा तरी कोणासाठीं? हें उत्तर वरवर पाहतां पटण्यासारखें आहे. पण इतिहास तें खरें ठरवीत नाहीं. मोटार आली आणि चालणारे आपोआप नाहींसे झाले, असें घडलेलें नाहीं. चालणाराचा रस्ता त्याच्या हातून गेला, तो वाद होऊन, मतदान होऊन आणि कायदे होऊन गेला. ती हकीकत आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावयाची आहे.

इ. स. १९०० च्या सुमाराचें अमेरिकन शहर डोळ्यांपुढें आणावें. रस्त्याच्या मधून ट्राम चालली आहे, तिच्या शेजारून घोड्यांच्या गाड्या जात आहेत, फेरीवाले हातगाड्या लावून उभे आहेत, मुलें चेंडू खेळत आहेत, आणि माणसें वाटेल तेथून रस्ता ओलांडीत आहेत. कडेला पदपथ असत. पण ते चिखल व लीद चुकविण्याची सोय म्हणून. रस्त्याच्या मधल्या भागावर चालणारानें पाय ठेवूं नये, असा त्यांचा अर्थ नव्हता. इंग्लंडांतून आलेल्या परंपरागत कायद्याप्रमाणें रस्ता सर्वांचा होता, आणि दुसऱ्यास इजा न करतां त्याचा उपयोग करण्याचा अधिकार चालणारास व गाडीवानास सारखाच होता.

उपनगर ही वस्तुहि मोटारीनें निर्माण केलेली नव्हे. १८८८ सालीं व्हर्जिनियांतील रिचमंड शहरीं फ्रँक स्प्रेग यांनीं विजेच्या ट्रामगाड्यांची पहिली मोठी यशस्वी योजना चालू केली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत शहरोशहरीं ट्रामचे रूळ गांवाबाहेर पसरले. रुळांच्या कडेनें नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. बोस्टनभोवतींच्या रॉक्सबरी, डॉर्चेस्टर या वस्त्या अशाच वाढल्या. या उपनगरांतील मनुष्य ट्राममधून उतरल्यावर घरापर्यंत पायींच जाणार. म्हणून घरें थांब्यापासून चालण्याच्या टप्प्यांत, दुकानें थांब्याच्या जवळ, आणि पदपथ सर्वत्र, अशी तेथील रचना असे. तेव्हां उपनगर आणि पायीं चालणें यांत मूळचें वैर नाहीं, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

१९०८ सालीं हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यानें ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारांत आणली. प्रारंभीं तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ सालीं सरकत्या पट्ट्यावर गाड्यांची जुळणी होऊं लागली, आणि १९२५ पर्यंत ती किंमत ३०० डॉलरांच्या आंत आली. शेतावर एकाकी राहणाऱ्या कुटुंबांना या गाडीमुळें डॉक्टर, बाजार आणि शाळा जवळ आल्या. तिचे हे उपकार नाकारणें न्यायाचें होणार नाहीं. पण शहरांतील रस्त्यावर चित्र निराळें होतें. तेथें मोटारीखालीं सांपडून मरणारांत मुलांचा भरणा मोठा होता, कारण रस्ता हेंच त्यांचें अंगण होतें. १९२२ सालीं बाल्टिमोर शहरांत अपघातांत मेलेल्या मुलांचें सार्वजनिक स्मारक उभारण्यांत आलें, आणि न्यूयॉर्कमध्यें त्याच वर्षीं हजारों मुलांची मिरवणूक निघाली. युद्धांत पडलेल्या सैनिकांस जो मान द्यावा, तो त्या काळचे नागरिक या मुलांस देत होते. मुलगा रस्त्यावर कां गेला, असें त्या वेळीं कोणी सहसा विचारीत नसे. मोटार एवढ्या वेगानें कां गेली, असें विचारीत.

या लोकक्षोभाची परिसीमा ओहायओ राज्यांतील सिनसिनाटी शहरीं झाली. १९२३ सालीं तेथील ४२,००० लोकांनीं एका अर्जावर सह्या केल्या. मागणी अशी होती कीं, शहरांतील प्रत्येक मोटारीस वेग आवरणारें यंत्र बसवावें, म्हणजे ताशीं २५ मैल, अर्थात् सुमारें ४० किलोमीटर, यापेक्षां अधिक वेगानें ती चालूंच शकणार नाहीं. हा प्रश्न त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत मतास टाकण्यांत आला. मोटारविक्रेते आणि मोटारधारकांचीं मंडळें त्याविरुद्ध एकवटलीं, प्रचंड प्रचार झाला, आणि सूचना मोठ्या बहुमतानें फेटाळली गेली.

सिनसिनाटीची निवडणूक एका शहराची; पण तिचा धडा साऱ्या मोटारधंद्यानें घेतला. मोटारीचा वेग हाच तिचा गुण. शहरांत तो वापरतां येणार नसेल, तर शहरांतील मनुष्य मोटार घेईल कशाला? मग वेगाला दोष न लागतां अपघातांचा दोष दुसरीकडे कसा जाईल, याचा विचार सुरू झाला. या कामीं एका शब्दाचा फार उपयोग झाला. त्या काळच्या अमेरिकन बोलींत ‘जे’ म्हणजे गांवढळ. त्यावरून ‘जेवॉकर’ हा शब्द झाला: शहरांत कसें चालावें हें ज्यास कळत नाहीं असा खेडवळ. प्रारंभीं हा शब्द शिवीप्रमाणें लागे. १९२० नंतरच्या दशकांत मोटार-मंडळांच्या प्रचारानें तो इतका रूढ झाला कीं, काल जो नागरिक आपल्या हक्काच्या रस्त्यावरून चालत होता, तो आज स्वतःच्याच गांवांत अडाणी ठरला.

त्याच सुमारास मोटारधारकांच्या संघांनीं शाळांतून सुरक्षिततेचे धडे देण्याची व्यवस्था केली. ज्याचें आयुष्य शाळेंत गेलें, त्या माझ्यासारख्यास मुलांना सावधगिरी शिकविण्याविरुद्ध तक्रार असण्याचें कारण नाहीं. ती शिकविलीच पाहिजे. पण त्या धड्यांबरोबर आणखी एक गोष्ट मुलांच्या मनांत उतरली. ती ही कीं, रस्ता मोटारींचा आहे, आणि त्यावर जाऊन ज्याला अपघात होतो त्याची चूक त्याचीच असते. हीं मुलें मोठीं होऊन मतदार झालीं, इंजिनियर झालीं, न्यायाधीश झालीं. त्यांनीं रस्ते बांधले ते याच समजुतीनें बांधले.

समजुतीच्या मागोमाग कायदाहि आला. १९२५ च्या जानेवारींत लॉस एंजेलिस शहरीं नवा वाहतूक-कायदा अमलांत आला. चालणारानें कोठें व केव्हां रस्ता ओलांडावा, याचें त्यांत बंधन होतें. तो तयार करणारे मिलर मॅक्लिंटॉक हे हार्वर्ड विद्यापीठाचे तरुण अभ्यासक होते. त्यांच्या वाहतूक-संशोधन कार्यालयास स्टुडबेकर या मोटार-कंपनीचें द्रव्यसाहाय्य मिळत असे. त्या वेळचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांनीं बोलाविलेल्या राष्ट्रीय परिषदेनें १९२८ सालीं शहरांसाठीं एक आदर्श नियमावली प्रसिद्ध केली, ती बरीचशी याच कायद्याच्या धर्तीवर. ती गांवोगांव स्वीकारण्यांत आली. अशा रीतीनें सिनसिनाटीच्या मतदानानंतर अवघ्या पांच वर्षांत रस्त्याची व्याख्या बदलली.

रस्ता गेला तरी चालण्याचें प्रयोजन शिल्लक होतें. कारण दुकान, शाळा, प्रार्थनामंदिर हीं घराजवळच होतीं. तें प्रयोजन दुसऱ्या एका कायद्यानें नाहींसें केलें. शहराचे विभाग पाडून एकांत फक्त घरें, दुसऱ्यांत फक्त दुकानें, तिसऱ्यांत कारखाने, अशी सक्ती करण्याची पद्धति न्यूयॉर्कनें १९१६ सालीं सुरू केली होती. १९२६ सालीं ओहायओंतील युक्लिड या गांवाच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ती वैध ठरविली. धुराचा कारखाना घराशेजारीं नसावा, हें रास्तच होतें. पण कारखान्याबरोबर वाण्याचें दुकानहि हद्दपार झालें, आणि मिठाची पुडी आणावयासहि मोटार काढण्याची वेळ आली.

१९३४ सालीं सरकारनें घरकर्जांस हमी देणारें एक खातें स्थापन केलें. हमी पाहिजे असेल तर वस्तीचा नकाशा खात्याच्या पसंतीस उतरला पाहिजे. एकमेकांस छेदणारे सरळ रस्ते खात्यास नापसंत. वळणाचे रस्ते आणि एकाच तोंडाच्या बंद गल्ल्या पसंत. दारावरून परकी वाहतूक जाऊं नये, हा हेतु चांगला होता. पण बंद गल्ली मोटारीप्रमाणें पायांसहि बंदच असते. परसामागच्या घराचा धूर दिसतो, तेथील मुलांचा आवाज ऐकूं येतो; मात्र त्या घरीं जावयाचें तर मध्यें कुंपण, आणि रस्त्यानें गेल्यास मैलभर फेरा. याच खात्यानें कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना हमी नाकारली, हेंहि सांगितलें पाहिजे. नव्या उपनगरांचीं दारें त्यांना बंद राहिलीं, ज्या जुन्या शहरांत ते राहिले तेथें पुढें पैसा आला नाहीं, आणि त्यांच्याच मोहल्ल्यांतून पुढें मोठे मोटाररस्ते काढण्यांत आले.

याहून निराळें घडूं शकलें असतें काय? शकलें असतें. १९२९ सालीं न्यू जर्सी राज्यांत रॅडबर्न नांवाची वस्ती वसविण्यास प्रारंभ झाला. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट हे तिचे रचनाकार. मोटारीच्या युगासाठीं वसविलेलें गांव, अशीच तिची जाहिरात होती. तेथें बंद गल्ल्या होत्या. पण घरांचीं तोंडें बागेकडे होतीं, बागेंतून पायवाटा होत्या, आणि मोठ्या रस्त्याखालून भुयारी वाट काढलेली होती. मुलाला रस्ता न ओलांडतां शाळेंत जातां येई. त्याच वर्षीं मंदीची लाट आली, बांधणारी संस्था बुडाली, आणि योजनेचा लहानसा भाग तेवढा पुरा झाला. मागून आलेल्या बांधकाम-व्यावसायिकांनीं रॅडबर्नची बंद गल्ली उचलली; बाग आणि पायवाट मात्र तेथेंच ठेवली, कारण त्यांस जागा लागे आणि पैसा लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हें सर्व एकदम फळास आलें. १९४४ च्या कायद्यानें परतलेल्या सैनिकांस घरासाठीं सवलतीचें कर्ज मिळूं लागलें. १९४७ सालीं न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउनचें बांधकाम सुरू झालें, आणि चार वर्षांत तेथें १७,००० हून अधिक घरें उभीं राहिलीं. १९५६ सालीं राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या कारकीर्दींत ४१,००० मैलांच्या महामार्गांचा कायदा झाला. त्यांतील खर्चाचे शेंकडा ९० भाग केंद्रसरकार देणार होतें. पदपथास असा दाता कोणीच नव्हता. कोठें तो बांधणें बिल्डराच्या मर्जीवर, तर कोठें त्याची दुरुस्ती शेजारच्या घरमालकाच्या माथीं. ज्या वस्तूचा धनी कोणी नाहीं, ती तुकड्यातुकड्यानें उरते. अमेरिकन पदपथ मध्येंच संपतो, त्याचें मर्म यांत आहे.

याचा परिणाम कसा होतो, तें पाहावें. उपनगराचा मुख्य रस्ता सहा पदरी. एका बाजूस बसचा थांबा, दुसऱ्या बाजूस मोलकरणींची, दुकानांतील नोकरांची बिऱ्हाडें. ओलांडण्याचा सिग्नल अर्ध्या मैलावर. सायंकाळीं थकून आलेली स्त्री अर्धा मैल जाऊन अर्धा मैल परत येईल, अशी अपेक्षा ज्यानें नकाशा काढला त्यानें केली. तो स्वतः मात्र त्या बसनें कधीं येत नसे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ सालीं इंधन वांचविण्याचा कायदा झाला, आणि लाल दिवा असतांहि उजवीकडे वळण्याची मुभा बहुतेक सर्व राज्यांत मिळाली. तेथें वाहनें उजव्या बाजूनें चालतात. म्हणजे आपल्याकडील डावीकडचें वळण तें त्यांचें उजवीकडचें. तेल थोडें वांचलें; पण चौकांत चालणारांचे अपघात वाढल्याचें पुढील अभ्यासांत आढळून आलें.

वेगाविषयींहि आतां अंदाजानें बोलण्याचें कारण उरलेलें नाहीं. अमेरिकन मोटारधारकांच्याच संघाच्या प्रतिष्ठानानें २०११ सालीं हिशेब प्रसिद्ध केला. ताशीं ३७ किलोमीटर वेगाच्या मोटारीची धडक बसली तर चालणारांपैकीं सरासरीनें दहांत एक दगावतो. ६८ किलोमीटरला दोघांत एक. आणि ८० किलोमीटरला चारांत तिघे. १९२३ सालीं सिनसिनाटीच्या ४२,००० लोकांनीं ताशीं ४० किलोमीटरांची जी मर्यादा मागितली होती, ती किती शहाणपणाची होती, हें या आंकड्यांवरून कळेल.

१९६९ सालीं पांच ते चौदा वर्षांच्या अमेरिकन मुलांपैकीं शेंकडा ४८ मुलें पायीं किंवा सायकलीनें शाळेंत जात. २००९ सालीं तें प्रमाण शेंकडा १३ वर आलें. २००९ सालीं सुमारें ४,१०० माणसें पायीं चालतांना वाहनांखालीं मेलीं. २०२२ सालीं ती संख्या साडेसात हजारांवर गेली. गाड्या पूर्वींपेक्षां जड व उंच नाकाच्या झाल्या, हें याचें एक कारण मानलें जातें. मोटारीच्या आंत बसणाराची सुरक्षितता शास्त्रानें वाढविली. बाहेर चालणाराची तशी वाढली नाहीं.

तथापि ही केवळ पराभवाची हकीकत नव्हे. १९६१ सालीं जेन जेकब्स या विदुषीनें अमेरिकन शहरांच्या जीवन-मरणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांतील आरंभींचीं प्रकरणें तिनें पदपथासच वाहिलीं आहेत. पदपथावर वावरणारे शेजारी, दुकानदार, खिडकींतून पाहणाऱ्या गृहिणी हेच वस्तीचे खरे रखवालदार, असें तिनें दाखवून दिलें. न्यूयॉर्कच्या दक्षिण भागांतून जावयाचा मोठा मोटाररस्ता ज्या चळवळीमुळें १९६९ सालीं रद्द झाला, तींत ती अग्रभागीं होती.

दुसरा लढा अपंगांनीं दिला. पदपथाची कड सहा इंच उंच असली, तर चाकाच्या खुर्चींतील मनुष्यास ती भिंतीसारखीच असते. १९७० नंतर कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें अपंग विद्यार्थ्यांनीं व नागरिकांनीं कडेला उतार करून घेतले. २६ जुलै १९९० रोजीं अपंगांच्या हक्कांचा राष्ट्रीय कायदा झाला. २००२ सालीं सॅक्रामेंटो शहराविरुद्धच्या खटल्यांत न्यायालयानें सांगितलें कीं, पदपथ हीहि नगराची सेवाच होय आणि ती अपंगांस उपलब्ध असली पाहिजे. लॉस एंजेलिस शहरास तर अशाच एका दाव्यांत २०१५ सालीं तडजोड करून तीस वर्षांत शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम पदपथांवर खर्चण्याचें मान्य करावें लागलें. कडेचा उतार मागितला अपंगांनीं. पण आज त्याचा लाभ बाबागाडी ढकलणाऱ्या मातेस आणि काठी टेकणाऱ्या वृद्धासहि होतो.

जुने कायदेहि आतां मागें घेतले जात आहेत. वाटेल तेथें रस्ता ओलांडला म्हणून होणारा दंड बहुतकरून गोरगरिबांस आणि कृष्णवर्णीयांसच होतो, असें दिसून आलें. तेव्हां व्हर्जिनियानें २०२१ सालीं पोलिसांचा तेवढ्या कारणासाठीं अडविण्याचा अधिकार काढून घेतला. कॅलिफोर्नियानें १ जानेवारी २०२३ पासून, धोका नसल्यास, असा दंड करणें बंद केलें. आणि न्यूयॉर्क शहरानें २०२४ सालीं या कृत्यास गुन्ह्यांच्या यादींतून वगळलें. डेन्व्हर शहरांत पदपथाचा भार शेजारच्या घरमालकावर असे, आणि त्यामुळें ठिकठिकाणीं पदपथच नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्यें तेथील मतदारांनीं तो भार नगरानें उचलावा व सर्वांनीं त्यासाठीं पट्टी द्यावी, असें बहुमतानें ठरविलें. सिनसिनाटीच्या पराभवास तेव्हां ९९ वर्षें झालीं होतीं. चालणाराचा पक्ष मतपेटींत हरला होता, तो दुसऱ्या शहराच्या मतपेटींत जिंकला.

आपल्याकडील स्थिति अमेरिकेसारखी नाहीं. आपले बहुसंख्य लोक अद्याप पायींच चालतात. जवळचें दुकान जवळच आहे. जें त्यांनीं गमावलें तें आपण अजून गमावलेलें नाहीं. शिवाय मे २०२५ मध्यें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे कीं, पदपथाचा उपयोग करण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग होय. पण न्यायालयाचा शब्द कागदावर राहावयाचा नसेल, तर आपणहि जागरूक असलें पाहिजे. आपल्या प्रभागांत रस्तारुंदीची योजना जाहीर होईल, तेव्हां तिचा नकाशा मागून पाहावा. मोटारींस किती फूट वाढले, हें त्यांत ठळक दाखविलेलें असेल. तें कोणाच्या पायाखालून काढलें, तें आपण विचारावें. अमेरिकेंत तो प्रश्न १९२३ नंतर दीर्घ काळ कोणी विचारला नाहीं. आपल्याकडे तो नकाशा मंजूर होण्यापूर्वींच विचारला जावा, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.